पिंपाच्या तळाची किल्ली

१

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात 'आस्वाद आणि समीक्षा' या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. सकाळभर निबंध वाचले गेले, दुपारी चर्चा थोडीफार रंगली, आणि समारोपाच्या सत्रात एका विद्वान वक्त्यांनी साऱ्या विषयाचा पाच मिनिटांत निकाल लावला. त्यांनी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये म्हणे पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला आणि ती जाणकारांपुढे ठेवली. जाणकारांनी ती हुंगली, चाखली, आणि लाल वाइनसाठी राखून ठेवलेल्या साऱ्या शब्दांची तिच्यावर खैरात केली. 'तेव्हा मित्रहो,' वक्ते म्हणाले, 'जिभेचा निवाडा जिथे एवढा पोकळ, तिथे कवितेच्या निवाड्याची काय कथा? ज्याची त्याची आवड!' सभागृह मनापासून हसले, टाळ्या पडल्या, चहा आला.

मला त्या हसण्याचा राग आला. प्रस्तुत लेख त्या रागातून लिहिला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. राग वाइनच्या अपमानाचा नव्हता. वाइनला माझ्या वकिलीची गरज नाही. समोर बसलेली पंचवीस-तीस मुले दुसऱ्या दिवसापासून वर्गात जे वाक्य वापरणार होती, त्या वाक्याचा तो राग होता. 'सर, हे शेवटी व्यक्तिनिष्ठच ना?' या वाक्यानंतर साहित्याच्या वर्गात काहीही घडू शकत नाही. कविता तिथेच संपते, शिक्षक हजेरीपट मिटतो.

वक्त्यांनी दाखला वाइनचा दिला, म्हणून उत्तरही वाइनच्याच दाखल्याने देतो. त्यातही एका विशिष्ट वाइनच्या: जुन्या, मुरलेल्या, उत्तम पांढऱ्या बर्गंडीच्या. माझे म्हणणे असे, की तो प्रयोग सांगितला गेला तसा झालेला नाही. झाला तसा सांगितला असता तरी त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. आणि या एका वाइनची हकिकत नीट पाहिली तर रुचीचा निवाडा पोकळ नसतो, तो चुकू शकतो एवढेच सिद्ध होते. चुकू शकणे आणि पोकळ असणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. समारोपाच्या त्या सत्रात ते पुसले गेले.

२

प्रयोग झाला, हे खरे. जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि दनी द्युबुर्दिय या तिघांनी तो बोर्दो येथे केला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणारे ५४ जण मुरलेले जाणकार नव्हते, वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. पहिल्या बैठकीत त्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन वर्णनाचे शब्द मागितले. दुसऱ्या बैठकीत पुन्हा दोन पेले ठेवले. या वेळी दोन्हींत तीच पांढरी वाइन होती, फक्त एका पेल्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांपुढे शब्दांची यादी ठेवून प्रत्येक शब्द या दोहोंपैकी कोणत्या पेल्याला अधिक लागू पडतो, असे विचारले. लाल वाइनचे शब्द लाल दिसणाऱ्या पेल्याकडे गेले.

आता या मांडणीकडे जरा लक्ष द्यावे. 'ही वाइन कोणती?' असे कोणी विचारले नव्हते. 'यांतली चांगली कोणती?' असेही विचारले नव्हते. एकच पदार्थ दोन पेल्यांत ओतला होता आणि प्रत्येक शब्दाला दोहोंपैकी एक घर शोधून देणे भाग होते. नाकाला फरक लागत नसेल, तर निवड करायला डोळ्याशिवाय दुसरा आधारच उरत नव्हता. प्रयोगातून जे निघते ते महत्त्वाचे आहे: वासाला शब्द देताना डोळा नाकाच्या पुढे धावतो आणि शब्द आधीच आणून ठेवतो. संशोधकांचे कुतूहल याच गोष्टीविषयी होते. चव नावाची गोष्टच नाही, हा शोध आपल्याकडच्या चहाच्या टेबलावर लागला.

साहित्याच्या माणसाला यात नवल वाटायचे खरे तर कारण नाही. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांची मते लिहून घेतली. १९२९ सालच्या त्याच्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात त्या मतांचा जो पंचनामा आहे, तो कोणत्याही रंगवलेल्या वाइनपेक्षा अधिक लाजिरवाणा आहे. चांगल्या कविता झिडकारल्या गेल्या, सुमार कविता डोक्यावर घेतल्या गेल्या. रिचर्ड्सने यावरून 'कविता हे थोतांड आहे' असा निष्कर्ष काढला काय? त्याने निष्कर्ष काढला तो असा, की वाचायला शिकवले पाहिजे, आणि वाचताना आपण नेमके कुठे घसरतो याची यादी केली पाहिजे. साहित्याचा आजचा वर्ग त्या निष्कर्षाचाच वारसदार आहे. आपण आपल्याच घराण्याचा इतिहास विसरून दुसऱ्याच्या घरातल्या फजितीला हसत होतो.

३

आता त्या वाइनविषयी. बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्व भागातला प्रांत. तिथली नावाजलेली पांढरी वाइन जवळजवळ सर्वस्वी शार्दोने या एकाच द्राक्षापासून होते, आणि तिची मोठी गावे, म्हणजे मर्सो, प्युलिन्यी-माँराशे, शासान्य-माँराशे ही बोन शहराच्या दक्षिणेला एकाला एक लागून आहेत. द्राक्ष एक, शिवारे शेजारशेजारची. तरी बाटलीवर ठळक नाव असते ते जमिनीच्या तुकड्याचे. नाव असलेल्या, सीमा पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेल्या अशा तुकड्याला तिकडे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मर्सोमधल्या 'पेरिएर' या क्लिमाचे नाव तिथल्या जुन्या दगडखाणींवरून पडले आहे.

रस ओकच्या लाकडी पिंपांत आंबतो. पिंपाचे तिथले परंपरागत माप २२८ लिटर. यीस्टचा साका काही महिने पिंपातच राहू देतात, त्याने वाइनला अंग येते. सफरचंदात असते ते धारदार आम्ल जिवाणूंमुळे दुधातल्या सौम्य आम्लात बदलते. मग बाटली, बूच आणि अंधार. बहुतेक पांढऱ्या वाइन चार-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. उत्तम शिवारातली बर्गंडी मात्र दहा, पंधरा, कधी वीस वर्षे मुरते. मुरणे हा लोणच्यासाठीचा शब्द इथे नेमका लागू पडतो. तरुणपणी तिच्यात लिंबू, हिरवे सफरचंद आणि लाकूड वेगवेगळे ऐकू येतात. मुरल्यावर त्या जागी भाजलेले हेझलनट, मध, पाव शेकल्याचा वास, ओलसर अळंबी अशा गोष्टी येतात, आणि आम्ल मात्र कण्यासारखे ताठ राहते. निदान तसे व्हायला हवे.

तसे होईनासे झाले. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या, विशेषतः १९९५ आणि १९९६ या हंगामांपासूनच्या बाटल्या लोकांनी पुढे काही वर्षांनी उघडल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येक अकाली म्हाताऱ्या झालेल्या निघाल्या: रंग तपकिरीकडे झुकलेला, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. आणि गंमत अशी, की एकाच पेटीतली एक बाटली मेलेली तर तिच्या शेजारची टवटवीत. कारणे अनेक सांगितली जातात: बुचांचा दर्जा, गंधकाचा हात आखडता घेणे, रस अलगद काढणारी नवी यंत्रे, पिंपातला साका वारंवार ढवळणे. एकाच कारणावर सर्वांचे एकमत नाही. कित्येक उत्पादकांनी बुचे बदलली, गंधकाचे प्रमाण बदलले. एक गोष्ट मात्र निर्विवाद: ही व्याधी आधी कळली ती प्रयोगशाळेला नव्हे, बाटली उघडून नाक पेल्यात घालणाऱ्यांना. चव म्हणजे लेबलाने आणि किमतीने मनात पेरलेला भास असता, तर ही व्याधी कधी सापडलीच नसती. लेबल तेच, किंमत तीच, अपेक्षा तर शिगेला पोचलेली. आणि तरीही लोकांनी बाटल्या मोरीत ओतल्या.

२०१७च्या हिवाळ्यात माझे काही आठवड्यांसाठी दिजोंला जाणे झाले होते. तिथल्या एका निवृत्त शाळामास्तरांच्या घरी जेवायला बोलावणे आले. मास्तरांनी तरुणपणापासून थोडीथोडी वाइन तळघरात जपून ठेवली होती; पूर्वी ती शाळामास्तरांना परवडत असे. त्या रात्री २००२ सालच्या मर्सो-पेरिएरच्या दोन बाटल्या वर आल्या, एकाच उत्पादकाच्या, एकाच पेटीतल्या. टेबलाशी आम्ही सहा जण. मी त्यांतला सर्वांत अडाणी.

पहिली बाटली पातळ कोऱ्या चहाच्या रंगाची होती. पेला नाकाशी नेला आणि मला घरच्या स्वयंपाकघरातला डबा आठवला: भाजलेले मेथीदाणे. शेजारच्या बाई 'अक्रोड' म्हणत होत्या, आणखी कोणी 'मध'. मेथीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. 'तुमच्या करी पावडरीत असतो तो मसाला' एवढेच सांगता आले. मास्तर उठले, आतून करी पावडरीची बाटली घेऊन आले. आधी ती हुंगली, मग पेला, मग पुन्हा ती. एकेक करून सगळ्यांनी तेच केले. कोणी काही बोलले नाही. मास्तरांनी वाइन मोरीत ओतली.

या यशाने मी शेफारलो. दुसरी बाटली फिकट सोनेरी होती, पण पेल्यातून आगकाडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास आला. मी लगेच 'हीसुद्धा गेली' असे जाहीर केले. मास्तर म्हणाले, 'थांबा.' पाऊण तास आम्ही थांबलो. वाइन पेल्यात तशीच होती. गंधक हळूहळू ओसरले. त्याखालून लिंबाच्या सालीचा वास वर आला, मग हेझलनट, मग शेकलेला पाव. आणि घोट घेतल्यावर जे होते त्याला माझ्यापाशी शब्द नव्हता. आम्ल कोवळ्या वाइनसारखे लखलखीत होते, पण त्याभोवती सायीसारखे काहीतरी दाटून आले होते. घोट गिळल्यावरही ते बराच वेळ रेंगाळले. शेजारच्या बाई म्हणाल्या, 'अळंबी.' मला ती सापडेना. त्या म्हणाल्या, 'पेला संपवा आणि रिकामा हुंगून बघा.' रिकाम्या पेल्यात ती होती.

म्हणजे त्या रात्री मी एकदा बरोबर ठरलो, एकदा साफ चुकलो, आणि एकदा मला दिसत नव्हते ते दुसऱ्याने दाखवल्यावर दिसले. 'ज्याची त्याची आवड' या सिद्धांतात या तिन्ही घटनांना जागाच नाही. आवड चुकत नाही, आवड दुरुस्त होत नाही, आवड दाखवता येत नाही. त्या टेबलावर मात्र हे सारे पाऊण तासात घडले.

४

साहित्याच्या अभ्यासकाला इथे एक जुनी गोष्ट आठवेल. 'दोन किहोते'च्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात सांचो पांझा आपल्या घराण्याची बढाई मारतो. त्याच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एकाला तिच्यात लोखंडाची चव लागली, दुसऱ्याला कातड्याची. मालक म्हणाला, पिंप स्वच्छ आहे, काही मिसळलेले नाही. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी सापडली एक लहानशी किल्ली, कातडी वादी ओवलेली. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला, तेव्हा ही गोष्ट उचलली आणि तिच्यावर आपला सिद्धांत उभा केला: सूक्ष्म रुची असलेल्या माणसाला जे जाणवते ते वस्तूत असते, मग बाकीचे कितीही हसोत.

अकाली म्हाताऱ्या झालेल्या बर्गंडीच्या पिंपातही किल्ली सापडली आहे. तिचे नाव सोटोलॉन. मेथीच्या दाण्यांना त्यांचा खास वास ज्या संयुगामुळे येतो तेच हे संयुग, आणि वाइनमध्ये प्राणवायू शिरून ती बिघडू लागली की ते वाढते. दिजोंच्या टेबलावर 'अक्रोड', 'मध', 'मेथी' असे तीन शब्द उच्चारले गेले, तेव्हा तीन माणसे तीन निराळी स्वप्ने पाहत नव्हती. एकाच किल्लीकडे तीन बोटे वळली होती. मेथीच्या फोडणीत वाढलेल्या नाकाचे बोट योगायोगाने अधिक नेमके पडले, यात माझे काही कर्तृत्व नाही.

आणि पांढऱ्या वाइनमधल्या सोटोलॉनचा, या अकाली वार्धक्याचा कसून अभ्यास कोणी केला? बोर्दोच्या ज्या संशोधकांनी तो केला, त्यांच्यात दनी द्युबुर्दिय हे एक प्रमुख नाव आहे. रंगवलेल्या वाइनच्या त्या प्रयोगावर ज्या तिघांची नावे आहेत, त्यांतलेच हे गृहस्थ. २०१६ साली ते वारले. नाक डोळ्याच्या आहारी जाते हे दाखवणारा आणि नाकाला लागलेल्या दोषाचा रेणूपर्यंत माग काढणारा माणूस एकच होता. त्याला यात विसंगती वाटली नसावी, कारण ती नाहीच. दुर्बीण डागाळलेली असू शकते हे सांगणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांचे अस्तित्व नाकारलेले नसते.

५

येथे आमचे वक्ते म्हणतील, आणि त्यांनी म्हणावेच: 'ठीक आहे. दोष पकडता येतो. पण तुमची किल्ली लोखंड आहे एवढेच सांगते. लोखंडाची चव वाईट, हे कुठे सांगते?'

हा आक्षेप खरा आहे, आणि ह्यूमच्या गोष्टीचे दुबळे अंग नेमके इथेच आहे. याचे उत्तर बर्गंडीच्या शेजारीच मिळते. बर्गंडीच्या पूर्वेला ज्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे साव्हान्ये या द्राक्षापासून 'व्हँ झोन', म्हणजे 'पिवळी वाइन' करतात. ती पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ ठेवतात. पिंप वर भरत नाहीत, उरलेल्या हवेखाली वाइनवर यीस्टची साय धरू देतात. या वाइनचा सारा डौल कशात? अक्रोड, करी, मेथी यांच्या वासात, म्हणजे सोटोलॉनमध्ये. तोच रेणू मर्सोत आला की बाटली मोरीत जाते आणि ज्युरात आला की पेले उंचावतात.

तेव्हा रसायनशास्त्र आपल्याला न्यायाधीश पुरवत नाही, साक्षीदार पुरवते. 'मेथी आहे काय?' याचे उत्तर वस्तूत आहे. 'मेथी असावी काय?' याचे उत्तर ही वस्तू कोणत्या जातीची, ती काय होऊ पाहत होती, तिच्या परंपरेने कोणते वचन दिले होते, यात आहे. साहित्यात याला आपण वाङ्मयप्रकाराचा विचार म्हणतो. भारूडातला जो रांगडेपणा गुण ठरतो तो विराणीत रसभंग करतो; म्हणून रांगडेपणा 'व्यक्तिनिष्ठ' ठरत नाही. शब्द तोच, जागा बदलली की मोल बदलते, आणि ते का बदलले हे सांगता येते. हे सांगता येणे म्हणजेच समीक्षा.

कांटने वाइनला सौंदर्याच्या उंबऱ्यातच अडवले होते, हे मला ठाऊक आहे. १७९० सालच्या त्याच्या तिसऱ्या मीमांसेत कॅनरी बेटांच्या वाइनचा दाखला येतो. ती सुखद आहे असे म्हणणाऱ्याला 'मला सुखद वाटते' अशी दुरुस्ती सुचवली तर तो ती मुकाट्याने मान्य करील, असे कांट म्हणतो. सुंदर वस्तूविषयी मात्र अशी दुरुस्ती चालायची नाही. रा. भा. पाटणकरांमुळे हा भेद मराठी वर्गांपर्यंत पोचला, आणि तो मोलाचा आहे. परंतु कांटने रेघ योग्य ओढली आणि वाइनला तिच्या चुकीच्या बाजूला ठेवले, असे मला वाटते. दिजोंच्या आमच्या सहा जणांतल्या एका तरुणाला दुसरी बाटली आवडली नाही. 'माझ्या जिभेला हे फार आंबट आहे,' तो म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, 'पण जिवंत हीच आहे.' कांटची रेघ त्या एका वाक्यातून गेली होती. अलीकडे त्याची जीभ होती, पलीकडे ती वाइन. आपल्याला न आवडलेल्या कादंबरीचे मोठेपण मान्य करणारा वाचक याहून निराळे काय करतो?

६

आता दुसऱ्या छावणीकडे वळले पाहिजे, कारण हसणाऱ्या सभागृहाला निम्मे कारण तिनेच पुरवले आहे. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने १९७८पासून आपल्या पत्रिकेतून वाइनला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली आणि जगभर ती साथ पसरली. ब्याण्णव आणि त्र्याण्णव यांच्यात नेमका काय फरक असतो? परीक्षेचे पेपर तपासणारा कोणताही शिक्षक याचे प्रामाणिक उत्तर देऊ शकेल, आणि ते उत्तर छापण्याजोगे नसते. आकडा चूक ठरू शकत नाही, कारण तो काही म्हणतच नाही. 'गंधक आहे, म्हणजे बाटली गेली' हे माझे वाक्य पाऊण तासात खोटे पडले. 'एकाहत्तर गुण' असे म्हटले असते तर मी आजही सुरक्षित असतो.

पॅरिसची २४ मे १९७६ची प्रसिद्ध स्पर्धा याचेच उदाहरण. नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून, विसापैकी गुण देऊन कॅलिफोर्नियाच्या सहा शार्दोने आणि बर्गंडीच्या चार पांढऱ्या वाइन तपासल्या. कॅलिफोर्नियाची शातो माँतलेना १९७३ पहिली आली, मर्सोची एक दुसरी. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची वाइन चाखून ती फ्रान्सची असल्याचे ठरवून टाकले. फ्रेंचांचा गर्व उतरला, ते बरेच झाले. लेबल झाकून वाचण्याचे बळ त्यातून दिसले. परंतु त्या साऱ्या पांढऱ्या वाइन चार वर्षांहून कमी वयाच्या होत्या. जी वाइन पंधरा वर्षांनी बोलायची आहे, तिला तिसऱ्या वर्षी विसापैकी गुण देणे म्हणजे पहिला अध्याय वाचून महाकाव्याचा निकाल लावणे. बेरीज बरोबर असली म्हणून प्रश्न बरोबर असतो असे नाही.

गुणांच्या जोडीला यादी. 'अननस, व्हॅनिला, पांढरी फुले, लोणी, बदाम': वाइनच्या समीक्षेत असे शब्द एकामागून एक बाजाराच्या पिशवीसारखे ओतले जातात. नाकाला नावे शिकवायला यादी उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली तयार केलेले वासांचे चक्र त्याच सदिच्छेने केले होते. पण यादी म्हणजे आस्वाद नव्हे, हे आपल्या साहित्यशास्त्राने कधीच सांगून ठेवले आहे. रस हा विभावादिकांची बेरीज नव्हे, हे समजावताना मम्मट पानकरसाचा दाखला देतो. गूळ, मिरे असे पदार्थ घालून केलेल्या पेयाची चव त्या पदार्थांपैकी कशाचीच नसते. ती एक निराळीच, अखंड चव असते. आणि इथे तर उलटा चमत्कार आहे. पानकात निदान गूळ असतो, मिरे असतात. मर्सोच्या बाटलीत हेझलनट नाही, मध नाही, अळंबी नाही. एकच द्राक्ष, लाकूड आणि काळ. तरीही हे सारे तिथे भेटते आणि शेवटी एकच काहीतरी होऊन उरते. त्या उरण्याविषयी बोलणे अवघड आहे म्हणून यादी करायची, ही पळवाट झाली. कवितेतली प्रतिमा, लय आणि अलंकार मोजून वहीत लिहिणारा आपला विद्यार्थी हीच पळवाट धरतो, आणि त्याला ती आपणच दाखवलेली असते.

७

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. माँराशे या सर्वांत विख्यात क्लिमाचे क्षेत्र सुमारे आठ हेक्टर. तिथली एक बाटली आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या महिन्याच्या मानधनात येणार नाही. अशा वाइनच्या चवीचे तत्त्वज्ञान सांगणे हा श्रीमंतांच्या चोचल्यांना शास्त्राचा मुलामा देणे नव्हे काय? पिएर बुर्दिय यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात रुची हे वर्गभेदाचे हत्यार कसे होते, हे पुराव्यानिशी मांडले आहे.

मी बुर्दिय यांच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच वक्त्यांच्या विरुद्ध आहे. रुची शिकावी लागते, ती शिकण्याची संधी असमान वाटलेली असते, आणि ज्यांना संधी मिळाली ते तिला उपजत थोरवी म्हणून मिरवतात, हे सारे खरे. पण यातून 'शिकण्यासारखे तिथे काही नाही' हे कसे निघते? शिकण्यासारखे काही नसते तर संधी असमान असल्याचे दुःख तरी कशाला? 'ज्याची त्याची आवड' हे वाक्य दिसायला लोकशाहीवादी आहे. प्रत्यक्षात ते दार बंद करते. ज्याच्या घरात पुस्तके आहेत त्याची आवड घरीच घडते. ज्याच्या घरात नाहीत, त्याच्यासाठी वर्ग ही एकच जागा होती, आणि तिथे आपण त्याला सांगतो की तुझे आहे ते ठीकच आहे, शिकण्यासारखे काही नाही. याला मी सौजन्य म्हणत नाही.

शिवाय त्या टेबलावरची विद्या श्रीमंतांची नव्हती. बर्गंडीत पिंपातून नळीने वाइन काढून रोज चाखणारा माणूस बहुधा शेतकरी असतो, आणि त्याचा निवाडा चुकला तर त्याचे वर्ष बुडते. मास्तर शाळामास्तर होते. आणि मेथीचा शब्द तिथे पोचला तो फोडणीच्या डब्यातून. ज्याच्यापाशी पैसा होता त्याच्यापाशी नाक असेलच असे नाही. उलट शंभरपैकी गुण बघून बाटली विकत घेणाऱ्याला नाकाची गरजच पडत नाही. चवीला पैशाच्या तावडीतून सोडवायचे असेल तर चवीविषयी नेमके, चुकू शकेल असे बोलणे हाच मार्ग आहे. चव खोटी म्हणणाऱ्याने तिला पैशाच्याच हवाली केलेले असते, कारण निवाडा बाद झाला की किंमत तेवढी मोजायला उरते.

८

माणसामाणसांत फरक असतो, हे कोणी नाकारत नाही. काही रेणूंचा वास काहींना येतच नाही. काही वृत्तांची लय काही कानांना लागत नाही. मास्तरांना जे दिसले त्यातले बरेच मला आजही दिसणार नाही. म्हणून तर बोलायचे. 'रिकामा पेला हुंगून बघा' हे त्या बाईंचे वाक्य मला समीक्षेची सर्वांत सुटसुटीत व्याख्या वाटते. त्यात सक्ती नव्हती, सिद्धताही नव्हती. कुठे पाहावे आणि केव्हा पाहावे, एवढेच त्यांनी सांगितले. मला अळंबी सापडली नसती तर त्यांचा दावा त्या प्रमाणात दुबळा झाला असता, आणि तो धोका पत्करून त्या बोलल्या. कवितेच्या वर्गात शिक्षक याहून अधिक काय करतो? 'तिसऱ्या ओळीतले क्रियापद पुन्हा वाच' एवढेच तो म्हणतो, आणि थांबतो. कधी पाऊण तास, कधी पाऊण वर्ष.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात कोणी 'सर, हे व्यक्तिनिष्ठच ना?' असे विचारले, तर माझी विनंती अशी, की हसू नये आणि हजेरीपटही मिटू नये. एवढेच विचारावे: 'तुझ्या मतातला कोणता शब्द तू परत घ्यायला तयार आहेस, आणि काय दाखवले तर?' ज्याच्यापाशी असा एकही शब्द नाही, त्याने अजून मत दिलेलेच नाही. ज्याच्यापाशी आहे, त्याने तो फळ्यावर लिहावा. तासाला तिथून सुरुवात होते.